रायपूरला जाताय? आधी वेळ ठरवा, मग तळं

रायपुरात नातेवाईक असलेल्या नागपूर-गोंदियाकडच्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. शनिवारी गाडीने उतरायचं, रविवारी दुपारी भरपेट जेवून ताणून द्यायची आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला सगळ्यांनी मिळून ‘मरीन ड्राइव्ह’ गाठायचं. तिथे गाडी लावायला जागा मिळेपर्यंत निम्मा उत्साह संपतो. मुलं आइस्क्रीमच्या गाडीपाशी अडकतात, आजींना टेकायला बाक मिळत नाही आणि परतताना कुणीतरी म्हणतंच, “तळं छान आहे हो, पण गर्दी फार!” यात तळ्याचा काही दोष नाही. रविवारची संध्याकाळ निवडली, तिथेच गणित चुकलं.

रायपूर हे तळ्यांचं गाव आहे. छत्तीसगढी बोलीत तळ्याला ‘तरिया’ म्हणतात आणि जुन्या गावांमधल्या तळ्यांची संख्या सांगताना ‘छै आगर छै कोरी’ असा शब्दप्रयोग करतात. सहा विसा आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. मोजायला कुणी बसत नाही. खूप तळी आहेत एवढाच त्याचा अर्थ. रायपुरातली बरीच तळी बुजली, काहींवर वस्ती झाली, पण जी उरली त्यांच्या काठाने आता बागा, फरसबंद वाटा, बाक आणि झोपाळे आले आहेत. पाहुण्यांना हा सगळा प्रकार एकाच छापाचा वाटतो. तसा तो नाही. एक तळं पहाटे फिरायचं, दुसरं हिवाळ्यातल्या संध्याकाळी आणि तिसऱ्यासाठी आख्खा दिवस मोकळा ठेवायचा. म्हणून ‘कुठे जाऊ’ हे नंतर विचारा. तुमच्या हातात कोणती वेळ आहे, सोबत कोण आहे आणि महिना कोणता आहे, हे आधी बघा.

वेळेबद्दल पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांना एक गोष्ट सांगायलाच हवी. रायपूर मुंबईच्या जवळजवळ नऊ अंश पूर्वेला आहे. घड्याळ सगळीकडे एकच असल्याने इथे सूर्य मुंबईपेक्षा अर्धा तास किंवा किंचित जास्तच आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. मेअखेरीला साडेपाचच्या आतच उजाडलेलं असतं. डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला सूर्य गेलेला असतो आणि सहाला दिवे लागतात. ‘आपण सहाला निघू, सूर्यास्त बघू’ असं पुणेरी वेळेने ठरवलं तर तळ्यावर पोचेपर्यंत अंधार झालेला असतो. नागपूरकरांना मात्र दहाएक मिनिटांचाच फरक पडतो.

पहाट हातात असेल तर तेलीबांधा. जीई रोडला लागून असलेलं हे तळं आता सगळे ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणूनच ओळखतात आणि रिक्षावाल्यालाही तेच नाव सांगायचं. काठावरचा तिरंगा लांबूनच दिसतो. त्याचा खांब 82 मीटर उंच आहे आणि 2016 सालच्या एप्रिलअखेरीला तिथे पहिल्यांदा झेंडा चढला. वाट चुकलीच तर त्या खांबाकडे बघून चालत राहावं. सावकाश फेरी घातली तरी अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. वाट सपाट आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. पहाटे इथे मुख्यतः रोजचे फिरणारे असतात. निवृत्त मंडळींचे ठरलेले घोळके, योगासनांच्या सतरंज्या, पळणारी पोरं, आणि त्यांच्यातूनच वाट काढणारे सफाई कामगार. त्यांच्या चालीत चाल मिळवायची. चौघांनी हातात हात घालून वाट अडवली की मागून येणारे काका “भैया, जरा साइड” म्हणतात, त्याचा राग मानू नये.

उन्हाळ्यात पहाटेला पर्यायच नाही. एप्रिल-मे महिन्यांत रायपूरचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीसच्या घरात असतो आणि तळ्याकाठी संध्याकाळी गार वाटेल ही समजूत अंगाशी येते. वाट फरसबंद, कठडे काँक्रीटचे. दिवसभर तापलेला हा दगड सूर्य गेल्यावर तासन्‌तास उष्णता बाहेर टाकत राहतो. संध्याकाळी सातला कठड्यावर तळहात ठेवून बघा, म्हणजे कळेल. लहान मूल त्या फरशीच्या जवळ असतं, तुमच्यापेक्षा त्याला जास्त चटका लागतो. मेमध्ये जायचंच असेल तर पहाटे साडेपाच ते सात, नाहीतर रात्री नऊनंतर. मधल्या वेळेत घरच्या कूलरसमोर बसण्यात काही कमीपणा नाही.

पण ‘पहाटेची हवा शुद्ध’ हे वाक्य रायपूरच्या हिवाळ्यात जसंच्या तसं लागू पडत नाही. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा इथे लोखंड-पोलादाचे कारखाने आहेत. डिसेंबर-जानेवारीत रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खालीच बसते, वर उबदार हवेचं झाकण तयार होतं आणि धूर, धूळ त्याखाली अडकून राहते. ऊन चढलं की हे झाकण फुटतं. म्हणून दम्याचा त्रास असलेल्यांनी, हृदयविकाराच्या रुग्णांनी आणि तान्ह्या बाळाला घेऊन जाणाऱ्यांनी थंडीच्या दिवसांत साडेआठ-नऊला जावं. तेव्हा ऊन कोवळं असतं आणि बाकही मोकळे झालेले असतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय म्हणून धुक्यात मफलर गुंडाळून साडेपाचला निघणारे आजोबा मला दरवर्षी दिसतात. चालण्याची जिद्द चांगली, वेळ चुकीची.

पहाटे तेलीबांध्याला किंवा कुठल्याही शहरी तळ्यावर एक दृश्य हमखास दिसतं. पाण्याच्या पृष्ठभागावर शेकडो मासे तोंड वर काढून उघडझाप करत असतात. आपल्याकडच्या माणसाला वाटतं, बिचारे भुकेले आहेत, आणि तो खिशातून बिस्किटाचा पुडा काढतो. मासे भुकेले नसतात, गुदमरलेले असतात. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री इतर सजीवांसारखाच तो वापरतं. त्यामुळे उजाडण्याच्या सुमाराला पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी झालेला असतो. उन्हाळ्यात पाणी तापलं की तो मुळातच कमी विरघळतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम मावतो, तर तिसात साडेसात. आपण टाकलेला पाव, कणकेच्या गोळ्या, निर्माल्य हे सगळं तळाशी जाऊन कुजतं आणि ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतात. एखाद्या सकाळी तळ्यात मासे मरून तरंगले अशी बातमी येते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. तेव्हा पुण्य मिळवायचं असेल तर बिस्किटं कुत्र्याला घाला. मुलांना मात्र ते मासे जरूर दाखवा आणि कारण सांगा. शाळेतल्या धड्यापेक्षा ते पक्कं लक्षात राहील.

याच तेलीबांध्याची संध्याकाळ वाईट असते असं नाही. ती फक्त वेगळ्या हौसेची आहे. नागपूरच्या फुटाळ्यावर किंवा ठाण्याच्या तलावपाळीवर ज्यांना रमायला आवडतं त्यांनी इथे खुशाल संध्याकाळी यावं, पण मंगळवार-बुधवार बघून. गाड्या लागलेल्या असतात, दिव्यांचं प्रतिबिंब पाण्यात पडतं, कॉलेजची मुलं गिटार घेऊन बसतात. इथे पाणीपुरी मागायची नाही, ‘गुपचुप’ मागायचं. मसाला बहुतेक वेळा बटाट्या-चण्याचा असतो आणि पाणी तिखट. पाण्याबद्दल शंका आली तर सरळ उकळता चहा घ्या आणि भाजलेलं कणीस घ्या. पावसाळ्यात तर माझं मत ठाम आहे, की उघड्यावरचं थंड आणि ओलं काहीही नको. गाडी घेऊन आलात तर पार्किंगसाठी सुटे पैसे ठेवा आणि मुलांना गाडीतून रस्त्याच्या बाजूला उतरवू नका. जीई रोड म्हणजे जुना मुंबई-कोलकाता महामार्ग, त्यावरची वाहतूक कुणासाठी थांबत नाही.

इथून जवळच रायपूर-धमतरी छोट्या रेल्वेचं तेलीबांधा स्टेशन होतं. ती झुकझुक गाडी आता शहरात येत नाही. शहरातल्या तिच्या मार्गावर एक्स्प्रेस-वे झाला आहे. जुन्या रायपूरकरांसमोर विषय काढलात तर तासभर सहज जाईल.

आता बूढा तालाब. कागदोपत्री नाव विवेकानंद सरोवर, पण ऑटोवाल्याला ‘बूढा तालाब’ सांगाल तर एकदाही विचारावं लागणार नाही. हे जुन्या शहराच्या पोटातलं तळं, रायपूरच्या जुन्या किल्ल्याच्या अंगचं. मधोमध बेट आहे, त्यावर नीलाभ उद्यान आणि स्वामी विवेकानंदांचा 37 फुटी ध्यानस्थ पुतळा. विवेकानंदांचं नाव इथे उगाच दिलेलं नाही. 1877 साली नरेंद्रनाथ दत्त चौदा वर्षांचे असताना वडील विश्वनाथबाबू कामानिमित्त रायपूरला आले होते आणि कुटुंब त्यांच्यापाठोपाठ इथे राहायला आलं. रेल्वे तेव्हा रायपूरपर्यंत पोचलेली नव्हती, प्रवासाचा मोठा टप्पा बैलगाडीने झाला. तळ्याला लागून असलेल्या बूढापाऱ्यात ते 1879 पर्यंत राहिले. बंगालबाहेर त्यांनी बालपणी इतका काळ घालवला असं दुसरं गाव नाही, याचा रायपूरकरांना अभिमान आहे. विमानतळाचं नावही त्यांचंच आहे.

मराठी पाहुण्यांसाठी या परिसरात आणखी एक ओळखीची खूण आहे, आणि ती बहुतेक जण न बघताच पुढे जातात. तळ्यालगतच माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे हे मराठी घरातले, 1871 साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला जन्मलेले. वामनराव लाखे आणि रामराव चिंचोलकर या दोघा मराठी सोबत्यांना घेऊन त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं. लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत नेला तोही सप्र्यांनीच. रायपुरातच 1926 साली त्यांचं निधन झालं. लाख्यांच्या नावाचं लाखेनगर इथून लांब नाही. त्याआधीचा इतिहास धरला तर नागपूरकर भोसल्यांची सत्ता इथे होती. बिंबाजी भोसले 1787 पर्यंत रतनपूरहून छत्तीसगढचा कारभार पाहत होते, आणि 1818 नंतर अॅग्न्यू या इंग्रज अधिकाऱ्याने मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला हलवलं. म्हणजे तात्यापारा, बूढापारा या भागांतून चालताना एखाद्या दारावर मराठी आडनाव दिसलं तर दचकू नका. तळ्याची फेरी झाल्यावर मुलांना शाळेच्या फाटकापाशी दोन मिनिटं उभं करून हे सांगायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त वेळ मुलं देणारही नाहीत.

बूढा तालाबला जायची वेळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली चार ते सहा. ऊन कलतं, पुतळ्याच्या चेहऱ्यावर सोनेरी प्रकाश येतो आणि फोटो काढायची ज्यांना हौस आहे त्यांचं काम होतं. पण आजूबाजूला शाळा आहेत, बाजार जवळ आहे. शाळा सुटायच्या वेळेला या रस्त्यांवर स्वतःची मोटार घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. ई-रिक्शाने या, थोडं आधी उतरा आणि चालत या. बेटावर जायची सोय, कारंजी, नावा यांच्या वेळा आणि दर बदलत असतात. घरातून निघण्याआधी स्थानिक नातेवाइकाला विचारा आणि फाटकावरचा फलक वाचूनच तिकीट काढा. साफसफाई चालू असेल तर जलपर्णीचे ढीग काठावर टाकलेले दिसतील. ती हिरवी चादर दिसायला छान वाटते, पण ती पसरली की पाण्यात उजेड पोचत नाही. मुलांना त्या ढिगांवर चढू देऊ नका, खाली काय आहे ते दिसत नाही.

नावेत बसणार असाल तर एवढं बघाच. जॅकेट अंगात अडकवलं म्हणजे घातलं असं होत नाही. प्रत्येक बक्कल लागतं का ते बघायचं, पट्टे आवळायचे आणि मग खांद्याच्या बाजूने जॅकेट दोन्ही हातांनी वर ओढायचं. मुलाची हनुवटी आत गेली तर ते जॅकेट त्याच्या मापाचं नाही, पाण्यात पडला तर तो खालून निसटेल. दुसरं मागायचं. नसेल तर नाव रद्द, मग मूल कितीही रडो. मला एका ठिकाणी तीन जॅकेटं बदलून घ्यावी लागली होती आणि मागची रांग चांगलीच वैतागली होती, वैतागू दे. पायडलच्या नावेत जागेपेक्षा एक माणूस जास्त, मांडीवर बाळ आणि मध्येच उठून सेल्फी, ही तीन कामं एकत्र आली की नाव कलंडते. एप्रिलपासून पहिल्या पावसापर्यंत दुपारनंतर अचानक वावटळ आणि वादळ येतं. पश्चिमेला आभाळ काळवंडलं की पैसे गेले तरी चालतील, काठाला या.

शहरातली बाकीची तळी बागेसाठी नाहीत. कंकाली तालाबाच्या मधोमध पाण्यात शिवमंदिर आहे. जवळचा कंकाली मठ वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतो आणि तिथल्या जुन्या शस्त्रांची पूजा होते. त्या दिवशी रायपुरात असाल तर जरूर जा. महाराजबंद तालाब दूधाधारी मठाच्या शेजारी. या तळ्यांवर लोक अजून आंघोळीला, कपडे धुवायला, पूजेला येतात. पायऱ्यांच्या घाटाला इथे ‘पचरी’ म्हणतात आणि तिथे बायाबापड्यांचा वावर असतो. कॅमेरा आत ठेवावा, चपला खाली काढाव्यात आणि फिरायला म्हणून तिथे सतरंजी पसरू नये. छत्तीसगढच्या खेड्यांत तळ्याच्या मध्यभागी रोवलेला लाकडी खांब दिसतो. तळं खणलं की त्याचं लग्न लावायची रीत होती, त्याची ती खूण. लग्न लागल्याशिवाय त्या पाण्याचा वापर सुरू करायचा नाही असा संकेत होता. रायपूरबाहेर कुठे गाडी थांबवलीत तर असा खांब शोधून बघा. कटोरा तालाबाला छोटी बाग आहे, मुक्काम त्याच भागात असेल तर पाय मोकळे करायला ठीक. मुद्दाम शहर ओलांडून जाण्याइतकं तिथे नाही.

शरद ऋतूत, साधारण नवरात्रापासून पुढे, तळ्यातले शिंगाडे विकायला येतात. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांकडच्या वाचकांना शिंगाड्याचं कौतुक सांगायला नको. पण उकडलेलेच घ्या. कच्चा शिंगाडा दातांनी सोलायची आपल्याला सवय असते आणि आतड्यात वाढणाऱ्या एका चपट्या कृमीच्या पिल्लावळीला माणसाच्या पोटात शिरायला तीच वाट मिळते. उकडलं की तो प्रश्न मिटतो.

दिवस मोकळा असेल आणि मुलं असतील तर शहर सोडा आणि नवा रायपूरला जा. जाताना विमानतळाच्या रस्त्यावर ऊर्जा पार्क लागतं. सौरऊर्जेवर चालणारी खेळणी लहान मुलांना आवडतात, तासभर पुरे. नवा रायपुरात शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट स्टेडियमच्या अंगाला सेंध जलाशय आहे. हे स्टेडियम म्हणजे 2023 सालच्या जानेवारीत भारताने न्यूझीलंडला 108 धावांत गुंडाळलं ते. जलाशयाचा काठ मोकळा, रस्ते रुंद, गर्दी तुरळक. सायकल शिकवायला, पतंग उडवायला, नुसतं पळायला अशी जागा आपल्या शहरांत आता उरलेली नाही. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जा. आपल्या ओळखीची मंडळी भेटतील. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी, चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदक, बुडी मारून भलतीकडेच वर येणारी टिबुकली, पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा. कमळाची पानं असतील तर त्यांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षीही दिसेल. पक्षी सकाळी नऊपर्यंत काठाजवळ असतात, नंतर माणसं आली की आत सरकतात. तुम्ही सूर्याकडे पाठ करून उभे राहा. नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतील आणि दुर्बिणीला नावं ठेवाल.

एक मोठी उणीव आहे, सावली. झाडं लावली आहेत, पण शहर नवं आहे आणि पुष्कळ ठिकाणी ती अजून माणसावर सावली धरण्याइतकी झालेली नाहीत. टोपी आणि माणशी दीड-दोन लिटर पाणी घरूनच न्यायचं. फेब्रुवारीतही अकरानंतर ऊन लागतं. म्हणून सकाळ जलाशयावर घालवा आणि ऊन चढलं की पुरखौती मुक्तांगणात शिरा. उपरवारा गावाजवळचं हे संग्रहालय 2006 साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झालं. बस्तरच्या घरांच्या प्रतिकृती, भिंतीवरची चित्रं, नाचणाऱ्यांचे पुतळे, सगळं मोकळ्यावर मांडलेलं. आजी-आजोबांना इथे बसायला जागा मिळते. जंगल सफारी त्याच्या पुढे आहे. 2016 साली सुरू झालेली, 800 एकरांची, आणि आत खंडवा जलाशय. वाघ, सिंह, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी यांचे वेगवेगळे भाग बंद गाडीतून बघायचे असतात. सफारी आणि मुक्तांगण एकाच दिवसात करता येतात, त्यात सेंधची सकाळ घातलीत तर घरी परतताना मुलं गाडीत झोपलेली असतील. पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर तिन्हीपैकी एक वगळा. मी सफारी वगळीन, कारण लहान मुलाला बंद गाडीतून दिसणारा वाघ आणि मोबाइलमधला वाघ यांत फारसा फरक वाटत नाही, आणि उघड्यावर पळायला मात्र जन्मभर पुरेल इतकं आवडतं.

सोमवारी जाऊ नका. मुक्तांगण आणि जंगल सफारी दोन्ही त्या दिवशी बंद असतात. छत्तीसगढ राज्याचा स्थापनादिन 1 नोव्हेंबर. त्या आठवड्यात नवा रायपुरात राज्योत्सव भरतो आणि रस्त्यांची सगळी शांतता जाते. नाचगाणी बघायची असतील तर त्याच दिवसांत जा, पक्षी बघायचे असतील तर पंधरा दिवसांनी. नवा रायपुरात सार्वजनिक वाहन हात केल्यावर मिळेल या भरवशावर राहू नका. बसेस आहेत, पण तुमच्या वेळेला नाहीत. जाताना केलेली टॅक्सी परतीपर्यंत ठरवून ठेवा. एका काठावरून दुसरीकडे चालत जाऊ असं नकाशात वाटतं, प्रत्यक्षात ते भर उन्हात तीन-चार किलोमीटर निघतं.

डास हा विषय कुठल्याच पत्रकात नसतो. जुलै ते नोव्हेंबर या काळात तळ्याकाठी सूर्य मावळायच्या आधी अर्धा तास आणि नंतर तासभर ते असतातच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे सकाळच्या फेरीलाही पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मुलांच्या पायांना मलम. पावसाळ्यात फरशीवर शेवाळ धरतं. चपलेपेक्षा बूट बरे आणि म्हाताऱ्या माणसाने पाण्याकडच्या कडेने न चालता आतल्या बाजूने चालावं. तळ्याच्या पाण्यात पाय सोडून बसायचा मोह आवरा. शहरातल्या तळ्यांत सांडपाणी मिसळत आलेलं आहे. पायाला जखम असेल, मधुमेह असेल, तर अजिबात नको.

खायचं घरून न्यावं हे उत्तम, पण पाहुण्यांनी इथलंही चाखावं. तांदळाच्या पिठाचा फरा, चीला, ठेठरी, खुरमी आणि अंगाकर रोटी हे सगळं एका ठिकाणी हवं असेल तर महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातलं ‘गढ कलेवा’ गाठा. फरा गरम असतानाच खायचा, गार झाला की चिवट होतो. ठेठरी आणि खुरमी मात्र डब्यात भरून न्या, आठवडाभर राहतात आणि तळ्याकाठी हात न बरबटता खाता येतात. कागद, प्लास्टिकची पाकिटं यांसाठी एक रिकामी पिशवी बरोबर ठेवा. कचरापेट्या आहेत, पण रविवारी त्या ओसंडून वाहतात आणि वाऱ्याने सगळं पाण्यातच जातं.

नागपूरहून दोन दिवसांची सहल आखायची तर 2022 सालच्या डिसेंबरपासून धावणारी बिलासपूर-नागपूर वंदे भारत सोयीची आहे. ती दुपारी नागपूरहून निघते आणि संध्याकाळी रायपूरला सोडते. परतीला तीच गाडी रायपूरहून सकाळी आठच्या सुमाराला असते. म्हणजे त्या गाडीने परतायचं ठरवलंत तर शेवटच्या दिवसाची पहाट तेलीबांध्यावर घालवता येईल, पण सात वाजताच फेरी आटोपून सामानासकट स्टेशनकडे निघायला हवं. शेवटचा दिवस नवा रायपूरसाठी ठेवला असेल तर मात्र ही गाडी विसरा आणि हावडा-मुंबई मार्गावरच्या रात्रीच्या गाड्यांपैकी एखादीचं आरक्षण आधीच करून ठेवा. तिकीट काढण्यापूर्वी वार आणि वेळ पुन्हा एकदा तपासा, वंदे भारत आठवड्यातले सगळे दिवस धावत नाही.